उताराला हिंमत नाही, गियर लागतो

गाडी फोर-बाय-फोर आहे ना, मग घाबरता कशाला? वेग घ्या आणि चढवा. उतारावर ब्रेक आहेतच, फारच ओढायला लागली तर न्यूट्रल करून सोडून द्या. पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या चढणींवर थार-जिमनी घेऊन जमणाऱ्या नवख्या पोरांना हा उपदेश देणारे एक गृहस्थ आहेत. वाट आधी पायी पाहणं त्यांना भित्रेपणा वाटतो, आणि सीटबेल्टने म्हणे मजा जाते. बेल्टबद्दल एवढंच: गाडी कलंडताना बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच गाडीखाली येऊ शकतो. आणि वाट पायी पाहायची ती माथ्याशी पोचल्यावर बॉनेटपुढे नुसतं आभाळ दिसतं म्हणून. पलीकडे रस्ता आहे की कडा, हे सीटवर बसून कळत नाही.

पण खरी चीड येते ती त्या न्यूट्रलची. फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. ब्रेक तर साध्या हॅचबॅकच्याही चारही चाकांना असतात. म्हणजे उतारावर या महागड्या गाडीकडे जास्तीचं असं एकच असतं: लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की नेमकं तेच हातचं गेलं. ३० अंशांच्या उतारावर गाडीच्या निम्म्या वजनाएवढा जोर तिला खाली ओढत असतो. पावणेदोन टनांच्या गाडीला जवळपास नऊशे किलोंचा. तो सगळा आता एकट्या ब्रेकवर. खाली सुटा मुरूम असला की खडे टायरखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे सरकतात, घाबरून दाबलेल्या ब्रेकने चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. मागची बाजू फिरते, गाडी उताराला आडवी होते, आणि आडवी झालेली गाडी कलंडायला एक दगड पुरतो. यावर गृहस्थांचं उत्तर 'एबीएस आहे!' सुट्या मातीवर एबीएसने थांबायचं अंतर उलट वाढू शकतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हा घाटात ट्रक सोडून देणाऱ्यांचा जुना दावा. त्यांच्याशीही मी भांडलो आहे. आजच्या इंजिनांत गियर टाकलेला ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधन तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला इंधन जाळतच राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतही होत नाही!

चढणीत गाडी बंद पडली तर 'क्लच दाबा, मागे येऊ द्या, वळवून घ्या', हाही त्यांचाच सल्ला. इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांनंतर ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो. आणि चढावर वळवणं म्हणजे गाडी आपल्या हाताने आडवी करणं.

करायचं ते अवघड नाही. चढ-उतार सुरू होण्याआधीच लो रेंज लावायची, मध्येच गियर बदलायचा नाही, क्लचवर पाय ठेवायचा नाही. नाक सरळ चढाकडे किंवा सरळ उताराकडे. जड सामान कॅरिअरवर नको, खाली हवं. उतरताना चाकं घसरायला लागली तर ब्रेक सोडून किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे चाकं पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग परत हाती येतं. चढणीत बंद पडली तर ब्रेक धरून हँडब्रेक ओढायचा, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकून इंजिन चालू करायचं, आधी क्लच आणि मग ब्रेक हळूहळू सोडत आलेल्याच वाटेने सरळ मागे यायचं. तेवढ्या वेळात गाडीच्या खालच्या अंगाला कोणीही उभं असता कामा नये, मोबाइलवर चित्रीकरण करणारा मित्र तर मुळीच नाही.