सुभेदार खाली कसा आला?

कॉन्व्हेंटवाल्यांना लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल ही उतरंड तोंडपाठ असते. पण शिवरायांच्या घोडदळाची रचना विचारली, की सगळे गप्प! खरं तर हिशेब सोपा आहे: २५ स्वारांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी. म्हणजे हजारीकडे १२५० स्वार.

आता गंमत बघा. मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार होते, म्हणजे केवढा मोठा मान! पुढे कंपनीने हाच शब्द उचलला, पण तिच्या फौजेत पिकल्या मिशांचा सुभेदारही नवख्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच. आणि लेफ्टनंट म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, आपल्याकडचा मुतालिक! इंग्रज १९४७ साली गेले, तरी आजही सैन्यात नाईक, हवालदार, सुभेदार खाली आणि लेफ्टनंटपासून वर सगळं इंग्रजी.

कॉलेजात तरी वेगळं काय आहे? पाटीवर 'प्राचार्य', पण बोलताना प्रिन्सिपॉल सर. शिपाईमामांना मात्र कुणी प्यून अंकल म्हणत नाही! पदांची नावं बदला असं माझं म्हणणं नाही. पण मोठ्या खुर्चीला आपला शब्द शोभत नाही, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं, याचा विचार तरी करूया!