ससा खात नाहीये, सकाळपर्यंत थांबायचं का? पालघर-बोईसरमध्ये हे गणित वेगळं का आहे

संध्याकाळचे साडेसात. लोकलमधून बोईसरला उतरून तुम्ही घरी येता. सकाळी ठेवलेली कोथिंबीर पिंजऱ्यात तशीच सुकून पडलेली असते. ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. ओरडणं नाही, विव्हळणं नाही, उलटी नाही. घरातलं कोणीतरी म्हणतं, "गरमीने सुस्तावला असेल. सकाळी बघू."

या 'सकाळी बघू'मध्येच अनेक ससे दगावतात.

कुत्रा आजारी पडला की घरभर कळतं. सशाचं तसं नसतं. तो शिकार होणारा प्राणी आहे. रानात जो अशक्त दिसतो तोच आधी पकडला जातो, म्हणून दुखणं लपवणं हा त्याचा स्वभावच. पाळीव सशातही तो टिकून आहे. त्यामुळे तुम्हाला तो 'आजारी' दिसायला लागतो, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

पोट थांबलं की काय होतं?

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. गवताचे धागे आतून पुढे सरकत राहतात, आतडं हलत राहतं, आणि त्यातले जिवाणू पचनाचं काम करत राहतात. कोणत्याही कारणाने खाणं थांबलं की हे चक्र मंदावतं. दात दुखत असेल, भीती बसली असेल, उकाडा असेल किंवा गवताऐवजी चपाती-बिस्किटांवर दिवस चालले असतील, कारण काहीही असू शकतं. आत गॅस धरतो, पोट दुखतं, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. या अवस्थेला डॉक्टर 'जीआय स्टेसिस' म्हणतात. सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे पोटातलं बाहेर टाकायचा तोही मार्ग बंद.

म्हणूनच नियम असा सांगितला जातो: १० ते १२ तास ससा काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची वेळ समजायची. एक-दोन दिवस वाट बघायची सोय इथे नाही.

पण हे १२ तास मोजायचे कधीपासून?

बहुतेक जण लक्षात आल्यापासून मोजतात. गडबड तिथेच होते. मोजायचं ते त्याला शेवटचं खाताना पाहिलं तेव्हापासून. तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारं किंवा पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारं घर असेल, तर दिवसभर पिंजऱ्याकडे बघायला कोणी नसतं. सकाळी सहाला त्याने गवत खाल्लेलं कोणी पाहिलं आणि संध्याकाळी साडेसातला तुमच्या लक्षात आलं, तर साडेतेरा तास आधीच गेलेले आहेत. तुमचं घड्याळ शून्यावर नाही.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. त्याची सगळ्यात आवडती गोष्ट नाकासमोर धरा, मग ती कोथिंबीर असो वा केळ्याचा छोटा तुकडा. तिच्याकडेही त्याने तोंड फिरवलं तर तो 'सुस्तावलेला' नाही. मग ट्रे बघा. रोजच्या लेंड्या गोल, सुक्या, बऱ्यापैकी एकसारख्या असतात. त्या बारीक झाल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात किंवा ट्रे कोराच आहे, हे डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

कधी घड्याळही बघायचं नाही?

काही लक्षणं अशी आहेत की तिथे तास मोजत बसू नये, थेट निघावं.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं हे त्यातलं पहिलं. ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. तो तोंडाने हवा ओढू लागला म्हणजे त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नाही. एमआयडीसीलगत राहणाऱ्यांना रासायनिक वासाची सवय असते, म्हणून 'वासाने होतंय त्याला' असं म्हणून सोडून दिलं जाण्याची शक्यता इथे जास्त. वासाने होत असेल तरी ती तातडीचीच वेळ आहे.

दुसरं, पोट अचानक ढोलकीसारखं ताणलेलं, ससा निपचित आणि कान गार. आतड्यात काही अडकल्याची किंवा पोट फुगल्याची ही खूण असू शकते आणि यात काही तासांतच जीव जाऊ शकतो. सशाचं शरीराचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या हाताला तो नेहमी उबदार लागायला हवा. गार लागणारा ससा ही तापलेल्या सशाइतकीच वाईट बातमी आहे. टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून निघा.

झटके येणं, मागचे पाय ओढत चालणं, मान एका बाजूला वळून गडगडा लोळणं, न थांबणारं रक्त, पाण्यासारखे जुलाब (लहान पिल्लात तर हमखास धोका), लघवीसाठी जोर करूनही ती न होणं, हे सगळं याच यादीत. कुत्र्या-मांजराने धरलं असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. केसांखाली किती आत गेलंय ते वरून कळत नाही.

दातांचा आवाजही ऐका. कुरवाळताना येणारी हलकी कुरकुर समाधानाची असते. अंग चोरून, डोळे अर्धे मिटून कराकरा दात खाणं हे दुखण्याचं लक्षण आहे.

उलट लालसर लघवी दिसली की लोक हादरतात. ती बऱ्याचदा खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे असते, आणि पांढुरकी, चुन्यासारखी लघवी तर सशात सर्वसाधारण आहे. मात्र रक्ताच्या गाठी दिसल्या, किंवा नसबंदी न झालेली, वय वाढलेली मादी असेल तर तपासून घ्याच, कारण अशा माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं असतं. नाकावर-कानांवर खरजेची खपली असेल तर रात्री धावायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात उपचार हवेत. ती माणसांनाही लागते.

आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा

सशाला घाम येऊन अंग गार करता येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. किनाऱ्यालगतचा दमट मे महिना, वर पत्रा आणि दुपारी गेलेली वीज, हे त्याच्यासाठी जीवघेणं मिश्रण आहे. कान तापून लाल झाले, श्वास धापांचा झाला, तोंडाभोवती ओलसर झालं, तर त्याला गार फरशीवर आणा, कान साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो.

पावसाळ्यात धोका माश्यांचा. मागचा भाग ओला किंवा घाण राहिला की माशी तिथे अंडी घालते आणि २४ तासांच्या आत अळ्या पडू शकतात. त्या जिवंत मांस खातात. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइन घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. सशावर ते, रॉकेल किंवा फिनेल यातलं काहीही घालू नका. आंघोळही नको. दिसतात तेवढ्या अळ्या चिमट्याने काढत काढत डॉक्टर गाठा. पावसात रोज एकदा शेपटीखाली बघणं हे एका मिनिटाचं काम आहे.

जायचं कुठे?

खरी अडचण इथे आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची व्यवस्था गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्यासाठी उभी राहिली. शेतकऱ्यांचा जिल्हा आहे, ते बरोबरच आहे. या दवाखान्यांत श्रेणी १ आणि श्रेणी २ असा फरक असतो: श्रेणी १ मध्ये पदवीधर पशुवैद्यक असतात, श्रेणी २ चा कारभार साधारणपणे पशुधन पर्यवेक्षकाकडे असतो. सशासाठी जाताना आधी श्रेणी १ विचारा. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही मुख्यतः पशुधनासाठीच्या फिरत्या पथकांचा आहे. विचारून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून घरी थांबू नका.

खासगी दवाखाने पालघर, बोईसरमध्ये आहेत, पण कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येकाला सशाचा अनुभव असेलच असं नाही. यात डॉक्टरांचा दोष नाही, त्यांच्यासमोर ससे येतातच किती? म्हणून फोनवर सरळ विचारा: ससे नियमित बघता का, पोट थांबलं तर सलाईन आणि वेदनाशामक देता का, रात्री कोणाला फोन करायचा? हे विचारायची वेळ ससा ठणठणीत असताना.

मोठी सोय मुंबईत. परळचं बाई साखरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं 'बैलघोडा', आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं २४ तासांचं रुग्णालय, जिथे कुत्र्या-मांजरांसोबत सशांवरही उपचार होतात. निघण्याआधी फोन करून खात्री करा. बोईसरपासून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. डहाणू-विरार लोकल २०१३ पासून सुरू असली तरी तिच्या फेऱ्या मोजक्या, आणि महामार्गाबद्दल तर बोलायलाच नको. २०२५ च्या पावसाळ्यात पालघरहून मुंबईला नेत असलेली जखमी महिला कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत दगावल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. माणसाची ही गत, तर टोपलीतल्या सशाला कोण वाट देणार?

म्हणून १२ तासांचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. प्रवासाचे तीन-चार तास त्यातून वजा करा. अंधेरीतला माणूस दहाव्या तासाला निघाला तरी पोहोचेल. बोईसरच्या माणसाने सहाव्या-सातव्या तासाला फोन फिरवायला सुरुवात करायला हवी आणि जवळचा पदवीधर पशुवैद्यक आधी गाठायला हवा. तिथे मिळालेलं सलाईन आणि वेदनाशामक पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळवून देऊ शकतं.

मेडिकलमधून काय आणू नये?

घाबरून केलेल्या उपायांनीही ससे मरतात. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक्स माणसांच्या घरात सहज सापडतात; तोंडावाटे दिली तर ती सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. डॉक्टर सशांना फारसे बघणारे नसतील तर हे नम्रपणे विचारा: "डॉक्टर, हे सशाला तोंडावाटे चालतं ना?" गोचिडांसाठी कुत्र्यांवर मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रे सशाला चालत नाही. बाळाचं ग्राइप वॉटर, ओव्याचं पाणी, पॅरासिटामॉल यातलं काही नको. पोट ताणलेलं असेल तर सिरिंजने जबरदस्तीने भरवूही नका. आत अडथळा असेल तर त्याने हाल वाढतात.

रोजच्या खाण्यात मोठा वाटा सुक्या गवताचा असेल तर पोट थांबायची वेळ कमी येते. पाकीटबंद गवत ऑनलाइन महाग पडतं, पण आपण राहतो तो मुंबईला गवत पुरवणारा पट्टा आहे. १९४५ च्या वारली लढ्यात गवतकापणीच्या मजुरीचाच प्रश्न पेटला होता. धूळ, बुरशी आणि फवारणी नसलेलं सुकं गवत इथे ओळखीतून मिळू शकतं. गाजर मात्र चवीपुरतं, कार्टूनमध्ये काहीही दाखवोत.

निघताना हवेशीर टोपली, खाली टॉवेल, मूठभर गवत. ट्रेमधल्या शेवटच्या लेंड्या छोट्या पिशवीत घ्या, श्वासाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लिहून ठेवा. जोडीचा ससा असेल आणि तो ठीक असेल तर त्यालाही सोबत न्या, अनोळखी टेबलावर आजारी सशाला त्याचा आधार वाटतो.