ताप गेला, खोकला राहिला : सेटिरिझिनवर किती दिवस ढकलायचं?

शिरूर/दौंड : व्हायरलचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण नाक गळणं, घशातली खवखव आणि कोरडा खोकला मागं राहतो. परत दवाखाना म्हटलं की दिवस मोडतो. मग माणूस मेडिकलवर थांबतो, 'सर्दीची गोळी द्या' म्हणतो आणि हातात सेटिरिझिन नाहीतर लेव्होसेटिरिझिन पडते. स्वस्त आहे, म्हणून अख्खं पाकीटच घरी येतं.

ही गोळी अ‍ॅलर्जीची. अ‍ॅलर्जीत अंगात हिस्टामीन सुटतं, त्यानं शिंका, नाकाला पाणी, खाज सुरू होते. गोळी ते अडवते. गुऱ्हाळाच्या धुरानं किंवा मळणीच्या धुळीनं ज्याला शिंका लागतात, त्याला फरक पडतोच. व्हायरलनंतरच्या खोकल्याचं तसं नाही. आजारानं श्वासनलिका हळवी झालेली असते. हा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. श्रेय मात्र गोळीला मिळतं! 2024 मध्ये जिल्ह्यात चिकुनगुन्या पसरला होता. त्यात मागं राहणाऱ्या सांधेदुखीवर तर या गोळीचं कामच नाही.

कोविडनंतरच्या थकव्यावर ही औषधं चालतात, असंही ऐकायला मिळतं. 2022 मध्ये अमेरिकेत दोन बायकांना अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी आराम पडल्याची नोंद छापून आली होती. पण दोन माणसांवरून गावाला औषध ठरत नसतं.

तोटा कुठं होतो ते बघा. सेटिरिझिननं काहींना गुंगी येते. मिश्र गोळ्यांत असणाऱ्या जुन्या क्लोरफेनिरामाईननं तर जास्तच, आणि वर दारू असेल तर विचारूच नका. ऊस भरलेला ट्रॅक्टर घेऊन रात्री कारखान्यावर निघालेल्या गड्यानं ही गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. रात्रीच्या लाईटवर पाणी धरणाऱ्यालाही तेच लागू. बिबट्याच्या रानात अर्धवट झोपेत उभं राहणं काय असतं, हे पिंपरखेडकरांना सांगायला नको.

म्हाताऱ्या माणसांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर जुन्या गोळीनं लघवी अडकू शकते, डोळ्याचा दाब वाढू शकतो. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या पोरांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच सांगितलंय. आणि महिनोन्‌महिने रोज घेऊन सेटिरिझिन बंद केली तर काहींच्या अंगाला भयंकर खाज सुटते. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा इशारा दिला. सरसकट घाबरायचं कारण नाही. नाक गळतंय म्हणून डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारून दोन-चार रात्री घेतली, तर बिघडत नाही.

खरी अडचण टीबीची आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा, असा सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे. एक पाकीट संपलं की दुसरं आणायचं, यात महिना निघून जातो आणि तोवर घरातल्या लेकरांनाही लागण होऊ शकते. वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येते, रात्री घाम फुटतो, बेडक्यात रक्त दिसतं, असं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बेडक्याची तपासणी आणि टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी बँक खात्यात महिन्याला मिळणारे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. जाताना आधार कार्ड आणि बँक पासबुक सोबत ठेवा.