फुलपाखराचा पत्ता

उन्हाळी सुटीत सहकुटुंब स्वित्झर्लंडला जाण्याचा प्रघात आता पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत रुळला आहे. स्वयंपाकी सोबत नेणाऱ्या सहलींमुळे जेवणाखाण्याची चिंताही उरलेली नाही. हिमशिखरे आणि केबलकार यांची छायाचित्रे काढून झाली, की एखाद्या कुरणाच्या कडेला प्रवासी थबकतो. गुडघाभर गवतात नाना रंगांची रानफुले आणि त्यांवर भिरभिरणारी फुलपाखरे. जून-जुलैत गेलेल्यांचे दैव अनुकूल असेल, तर ‘अपोलो’ही दर्शन देते. त्याचे पंख पांढरेशुभ्र, त्यांवर काळे ठिपके आणि मागच्या पंखांवर कुंकवाच्या टिळ्यासारखी तांबडी वर्तुळे. मग सहज उद्गार निघतो, ‘आपल्याकडे असे काही का नसते?’

आपल्याकडे ते असते, आणि विपुल असते. संपूर्ण युरोप खंडात फुलपाखरांच्या सुमारे पाचशे जाती आहेत. आपल्या एकट्या पश्चिम घाटात त्या सुमारे ३३० आहेत. पुण्याहून पौडमार्गे दीड-दोन तासांत ताम्हिणी घाट गाठता येतो. मुळशी धरणाच्या कडेने जाणारा हा रस्ता धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. या परिसरातील जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात येथे गाड्यांची रांग लागते. परंतु त्या रांगेतील किती जणांची नजर रस्त्याकडेच्या झुडपाकडे वळते, हा प्रश्नच आहे.

फुलपाखरू शोधायचे तर त्याचा पत्ता ठाऊक हवा, आणि तो पत्ता फुलावर नसून पानावर लिहिलेला असतो. फुलातील मध हा प्रौढ फुलपाखराचा आहार. अळीला मात्र पाने लागतात, तीही ठरावीक वनस्पतींचीच. अंडी घालण्यापूर्वी मादी पानावर उतरते आणि पायांनी पानाची चव पारखते. योग्य पान सापडल्याखेरीज ती सहसा अंडे घालत नाही. आल्प्समधील अपोलोची अळी खडकांत उगवणाऱ्या सेडमसारख्या मांसल पानांच्या वनस्पतींवर वाढते. आपल्याकडील ‘प्लेन टायगर’ रुईवर वाढते. रुईच्या चिकातील विष तिच्या अंगात भिनते आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ‘कॉमन जेझेबेल’ची अळी आंब्यावर माजलेल्या बांडगुळावर पोसली जाते.

मुळशीच्या उतारांवरील कारवीचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते, तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. एरवी तिची दखल घेतली जाते ती कुडाच्या भिंतींसाठी. परंतु फुले नसलेल्या वर्षांतही तिची पाने ‘ब्लू ओकलीफ’च्या अळ्यांना पोसत असतात. हे फुलपाखरू पंख उघडते तेव्हा निळे झळकते आणि मिटते तेव्हा वाळलेले पान होते. पानाची मधली शीरसुद्धा पंखावर उमटलेली असते. त्याला फुलांची ओढ फारशी नाही. झाडाचा पाझर आणि कुजलेली फळे त्याला प्रिय. कारवी तोडली, की हे फुलपाखरू त्या उतारावरून उठले असे समजावे.

आणि कारवी तोडली जाते. डोंगराच्या कुशीत बंगल्यांचे भूखंड पडतात, ‘झाडोरा’ साफ होतो आणि त्या जागी परदेशी गवताची हिरवळ व शोभेची फुलझाडे येतात. मालक कौतुकाने सांगतात, ‘आमच्या बागेत फुलपाखरे येतात.’ ती येतात हे खरे. पण पाहुण्यांसारखी येतात आणि मध पिऊन निघून जातात. फुले पाहुण्यांसाठी असतात, पाने लेकरांसाठी. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते, मात्र तिच्या पानांवर आपल्या फुलपाखरांचा संसार मांडला जात नाही.

उन्हाळ्यातील वणवे हे दुसरे संकट. काही निष्काळजीपणाने लागतात, तर काही ‘जाळले की गवत चांगले येते’ या समजुतीने लावले जातात. आगीतून मोठी जनावरे पळू शकतात. पानाला चिकटलेले अंडे आणि काडीला लोंबकळणारा कोष कोठे पळणार?

आता त्या स्विस कुरणाकडे पुन्हा पाहावे. तेथील शोभा केवळ निसर्गकृपेची नाही. फुलांची कुरणे राखण्यासाठी अनुदान घेणाऱ्या शेतकऱ्याला सखल भागात १५ जूनपूर्वी गवत कापता येत नाही. उंच डोंगरावर ही तारीख जुलैपर्यंत पुढे जाते. तेवढ्या अवधीत फुलांचे बी धरते आणि अनेक अळ्यांची वाढ पुरी होते. प्रवाशाला जे सौंदर्य फुकट दिसते, त्यामागे कोणाचा तरी काही आठवड्यांचा संयम असतो. मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज बुडते, तसाच हा व्यवहार आहे.

मुळशीत फुलपाखरे पाहण्याचा उत्तम काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. मे महिन्यातही निराशा होत नाही. आटत चाललेल्या ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर ‘ब्लूबॉटल’ आणि पिवळी ‘एमिग्रंट’ घोळक्याने बसलेली आढळतात. ते बहुधा नर असतात आणि मातीतील क्षार शोषून घेतात. सकाळी आठ ते अकरा ही वेळ साधावी. गार अंग तापविण्यासाठी फुलपाखरे तेव्हा पंख पसरून उन्हात बसतात. हळू चालावे, आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये आणि पंखाला हात लावू नये. बोटाला लागणारी रंगीत पूड म्हणजे त्या पंखावरचे खवले असतात. जाळी घरीच राहू द्यावी.

ज्यांना इतकेही जाणे शक्य नाही, त्यांनी सज्जातील कुंडी पाहावी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. या राणीचे बालपण रानात माकडलिंबावर आणि बागेत लिंबाच्या कुळातील झाडांवर जाते. तिची धाकटी नातलग ‘कॉमन मॉरमॉन’ कढीपत्त्यावरही वाढते. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्यागार होतात. त्या दिसताच बहुतेक घरांत औषधाची बाटली निघते. वस्तुतः दहा-वीस पाने गेल्याने कढीपत्ता मरत नाही. त्याला नवी पालवी फुटतेच. अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा काळ साधारण महिना-दीड महिन्याचा. तेवढे दिवस बाटली कपाटात राहिली, तर एखाद्या सकाळी आपल्याच सज्जातून एक पाखरू पंख वाळवून उडेल. ते पाहायला घरातील मुलांना बोलवावे आणि कुरतडलेली पानेही त्यांना आवर्जून दाखवावीत.