पाहुणा म्हणजे राखणदार नव्हे



मागच्या दिवाळीत आम्ही दोघं निर्वाणलाडू चढवायला पावापुरीला गेलो. नाशिकच्या घरी सुट्टीला आलेला भाचा होता. "मावशी, निश्चिंत जा, मोतीला मी सांभाळतो," म्हणाला. आठ दिवसांनी परतलो तर मोती गॅलरीत बांधलेला, पाण्याचं भांडं कोरडं. फटाक्यांना घाबरून भुंकतो, म्हणून बांधला म्हणे!

राग आला. पण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. पहिला बंध, शेवटचा अन्नपाननिरोध. जनावराला फार वेळ साखळीने बांधणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं हा १९६०च्या कायद्यानेही गुन्हा आहे. आणि आपल्यात दोष करणाऱ्याला लागतो तसा करवणाऱ्यालाही लागतो. मी भाच्याला गॅस, गिझर, किल्ल्या सगळं समजावलं. मोतीच्या खाण्या-फिरण्याच्या वेळा तेवढ्या सांगितल्या नाहीत. फुकटात सोय झाली, एवढाच हिशोब केला.

म्हणून सांगते, आधी दोन दिवस आपल्या देखत सांभाळू द्या, वेळा लिहून द्या, शेजारणीला रोज डोकवायला सांगा. तेही जमत नसेल तर यात्रा पुढे ढकला. मुका जीव तहानलेला ठेवून चढवलेला लाडू कोणत्या खात्यात जमा धरायचा?