विजयदुर्गाचा हेलियम, सिंधुदुर्गाचे शिसे आणि पुराव्याची कसोटी

१/ दर १८ ऑगस्टला समाजमाध्यमांवर एक दावा फिरतो: १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर याने विजयदुर्गावरून हेलियम शोधला. सोबत ‘साहेबाच्या कट्ट्यां’चे छायाचित्र असते. दावा कोकणाचा अभिमान वाढवणारा आहे. दोष एवढाच, की तो खरा नाही.

२/ त्या दिवशी फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयर इंग्लंडमध्ये. लॉकयरने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, मायदेशातूनच. सोडियमच्या जोडरेषांशेजारची, सुमारे ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हा वायू रॅमसेच्या हाती लागला १८९५ मध्ये.

३/ मग लॉकयर विजयदुर्गाला आलाच नाही काय? आला, परंतु २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील मंडळी त्याच्या मदतीला होती. ही खरी हकिकत पुरेशी भव्य असताना तीस वर्षांची उसनवारी कशासाठी?

४/ गंमत अशी, की हा सगळा उत्सव वर्णपटशास्त्राचा! प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रेषांनीच ओळख देते. तेथे ऐकीव साक्ष चालत नाही. त्याच शास्त्राचा सोहळा ऐकीव गोष्टीवर उभारावा, यासारखा विरोधाभास नाही.

५/ आता दक्षिणेला, मालवणला या. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवछत्रपतींनी सिंधुदुर्ग उभारला. पायात शिसे ओतले, असे परंपरा सांगते. एक गट हे शिसे मणांत मोजून दाखवतो, तर दुसरा त्याला भाकडकथा म्हणून हसतो. मोजमाप मात्र दोघांच्याही लिखाणात आढळत नाही.

६/ कसोटी उपलब्ध आहे. लेसरचा क्षणार्धाचा झोत दगडावर पडला की सूक्ष्म कण तापून त्यांचा प्लाझ्मा होतो. तो निवताना जो प्रकाश बाहेर पडतो, त्याचा वर्णपट घेतात. शिसे असेल तर ४०५.८ नॅनोमीटरजवळ त्याची रेषा उमटते. या पद्धतीला ‘लिब्स’ म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने याच पद्धतीने चंद्राच्या मातीत गंधक ओळखले.

७/ प्रश्न केवळ शिशाचा नाही. जांभ्यात लोह व ॲल्युमिनियम भरपूर. बेसाल्टमध्ये सिलिकॉनसोबत कॅल्शियम व मॅग्नेशियम. क्वार्ट्झाइट जवळजवळ निव्वळ सिलिका. ज्ञात खाणींचे नमुने आधी नोंदवले, तर तटाचा चिरा कोणत्या खाणीशी जुळतो हे सांगता येते. जुना चुना कोणता आणि मागाहून थापलेले सिमेंट कोणते, हेही वेगळे करता येते.

८/ परंतु यंत्राचीही पूजा नको. लिब्स मूलद्रव्ये सांगते, वय सांगत नाही. खनिज ओळखण्यासाठी रामन वर्णपटाची जोड लागते. खाऱ्या वाऱ्याने बसलेला मिठाचा थर सोडियमच दाखवील. म्हणून एकाच जागी अनेक झोत देऊन आत जावे लागते. आणि शिसे सापडलेच, तर ते कोळ्यांच्या जाळ्याला लावलेल्या गोळ्यांचे नाही ना, हेही पाहावे लागेल. नमुना कोठून घेतला, ही नोंद रेषेइतकीच महत्त्वाची.

९/ “महाराजांच्या किल्ल्यावर शंका घेता?” हा आक्षेप ठरलेला. तपासणी म्हणजे शंका नव्हे. झोताने पडणारा खड्डा डोळ्यांना जेमतेम दिसतो. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने तो घेणे हा अवमान कसा? अवमान होतो तो जुना चुना न ओळखता सांध्यांत सिमेंट भरण्याने. त्यात ओल अडकते, क्षार साचतात आणि चिरा आतून झिजतो.

१०/ २०२५ मध्ये सिंधुदुर्ग व विजयदुर्ग, ‘मराठा लष्करी भूदृश्यां’च्या बारा किल्ल्यांत, जागतिक वारसा यादीत गेले. यादीने मान मिळतो; जतन होते ते ज्ञानाने.

११/ शिसे सापडले, तर थट्टा करणाऱ्यांची तोंडे बंद होतील. नाही सापडले, तर भर समुद्रात दगड-चुन्यावर साडेतीन शतके टिकलेला तट बांधणाऱ्या पाथरवटांचे कौशल्य अधिकच थोर ठरेल. दोन्ही निकालांत किल्ला मोठाच होतो. लहान होते ती केवळ न तपासलेली फुशारकी. पुढच्या १८ ऑगस्टला विजयदुर्गाचे छायाचित्र अवश्य लावावे. खाली साल मात्र १८९८ लिहावे.