गाळणी कोणती, हा प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक आढळते. मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडे ताठरतात. अशा गावाला ‘फिल्टर’ दिला की कर्तव्य संपले, ही समजूत महागात पडणारी आहे. पॉलिसल्फोनच्या पटलात पाण्यात विरघळणारे दुसरे बहुवारिक मिसळतात. ते बहुतांशी धुऊन गेले की छिद्रे उरतात. मिश्रणाचे प्रमाण बदलले की छिद्रांची घडण बदलते. मात्र ही छिद्रे गढूळपणा व जंतू अडवितात. विरघळलेले फ्लोराइड सुखेनैव पार होते! त्यासाठी आर.ओ.चे दाट पटल, अथवा नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत हवी. तेव्हा पाण्याची तपासणी आधी, निविदा नंतर. आणि निविदेत पटलाचा प्रकार व ते बदलण्याचा खर्च कोणाच्या माथी, हेही स्पष्ट लिहिलेले असावे.